नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, असं नाही

बँकेच्या फॉर्मवर धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे, म्हणजे ते पैसे त्याचेच, असं बहुतेक घरांत गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, एवढंच. ते पैसे कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर्सनाही हाच नियम, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्रातल्या हाऊसिंग सोसायटीत नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरतं सभासदत्व मिळतं. तरीही नॉमिनेशन कराच, नाहीतर पैसे हातात यायलाच महिनोन् महिने लागतात.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते बघा. हिंदू पुरुषाच्या मागे पत्नी, दोन मुलं आणि आई असेल, तर त्याच्या स्वकष्टार्जित फ्लॅटचे चार समान हिस्से होतात. आईचाही पाव हिस्सा असतो हे अनेकांच्या ध्यानीमनीही नसतं. पुढे आई मृत्युपत्राविना गेली की तो पाव हिस्सा तिच्या इतर मुलामुलींतही वाटला जातो. म्हणजे वहिनी राहते त्या फ्लॅटमध्ये दीर आणि नणंदा सहमालक. कोणाची नियत वाईट असायची गरजच नाही. फ्लॅट विकायला काढला की सगळ्यांच्या सह्या लागतात.

मूलबाळ नसलेल्या विधवेचं तर आणखी अवघड. तिने स्वतः कमावलेली मिळकत तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मिळकत मात्र वडिलांच्या वारसांकडे परतते. नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईने मृत्युपत्र करावं, ते एवढ्यासाठी.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. लागतात ते दोन साक्षीदार. करणाऱ्याला सही करताना त्यांनी पाहिलेलं असावं, किंवा 'ही सही माझीच' असं त्याने त्यांना सांगितलेलं असावं. आणि दोघांनीही त्याच्या समोर सही करायची. पुढे वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात उभं करावं लागतं. म्हणून वडिलांच्या वयाचे दोन मित्र हे साक्षीदार म्हणून कच्चे. वयाने लहान, सहज सापडणारे आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळत नाही असे दोघे निवडा. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, कारण 'तेव्हा त्यांना काही कळत नव्हतं' हा ठरलेला आक्षेप असतो.

नोंदणी ऐच्छिक आहे. ती केलेली बरी, पण त्याने मृत्युपत्र अभेद्य होत नाही. नंतर साध्या कागदावर नीट केलेलं दुसरं मृत्युपत्र नोंदवलेल्या पहिल्याला रद्द करू शकतं. मजकुरात हमखास राहून जाते ती ओळ म्हणजे 'याव्यतिरिक्त उरलेली सर्व मिळकत अमुकला'. ती नसेल तर नंतर घेतलेली एफडी पुन्हा वारसा कायद्याच्या वाटणीत जाते. एखाद्याला वगळलं असेल तर कारण दोन ओळींत लिहा. कारण न देता मुलीला वगळलं की संशयाला जागा मिळते. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. मुस्लिम कुटुंबांना वेगळे नियम आहेत, तिथे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही.

हयातीतच घर मुलाच्या नावावर करणं हा माझ्या मते सर्वांत महागडा उतावळेपणा. मृत्युपत्र कधीही बदलता येतं, नोंदवलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ इथे उपयोगी पडतं: सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ६० वर्षांवरील पालक निर्वाह न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेऊ शकतात. घोडं अडतं ते अटीपाशी. छापील नमुन्यात 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी' एवढंच असतं, आणि मग अट होती हे सिद्ध करत बसावं लागतं. द्यायचंच असेल तर अन्न, औषधपाणी, राहणं यांची अट आणि स्वतःचा तहहयात राहण्याचा हक्क बक्षीसपत्रातच लिहून घ्या.

कुलमुखत्यारपत्रावरही (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) फार विसंबू नये. ते देणारा गेला की संपतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याची मानसिक क्षमता गेली तरीही संपतं. म्हणजे डिमेन्शियात, नेमकं गरजेच्या वेळी, ते निकामी. मग त्याच्यासाठी कायदेशीर पालक (गार्डियन) नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं. रोजच्या खर्चाचं खातं वेळीच 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही एकट्याने चालवू शकेल अशा) पद्धतीने जोडीदाराबरोबर करून ठेवलं, तर निदान औषधांचे पैसे अडकत नाहीत. व्हेंटिलेटर, नळीने अन्न अशा उपचारांबद्दलची इच्छाही तेव्हाच लिहून ठेवावी: २०२३ पासून त्या कागदाला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेला कागद आयसीयूच्या दाराशी रात्री दोन वाजता मिळत नाही.