कामठी रोड, रविवार, टाचेला फोड

लूर्द मातेचा, म्हणजे फ्रान्समधल्या लूर्दला दर्शन दिलेल्या मरियेचा, सण ११ फेब्रुवारीला. त्याआधीच्या नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, संध्याकाळी मला कधीच वेगवेगळ्या आठवत नाहीत. शटर ओढायचं, हाताचं वार्निश थिनरने पुसायचं, सदरहून चढण धरून सेमिनरी हिल्सच्या ग्रोटोपाशी, मरियेच्या गुहेपाशी, पोचायचं, मेणबत्ती लावायची, रोझरीची जपमाळ अर्धी होते न होते तोच डुलकी घ्यायची, घरी यायचं.

मोटार वाइंडिंगच्या धंद्यात फेब्रुवारी म्हणजे शेवटची उसंत. होळी झाली की अख्खं नागपूर माळ्यावरचे कूलर खाली काढतं. कुणाचा पंप जाम, कुणाची मोटार जळालेली, आणि प्रत्येकाला आजच हवी. मग रविवार नाही की चर्चमधली मिस्सा नाही. ही म्हणते, "चार महिने देवाला सुट्टी देता तुम्ही." मी म्हणतो, पोरांची फी काय देवदूत भरणार? सदरच्या आमच्या कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) सांगून गेलेत की कारागिराने संन्याशासारखं दिवसभर चर्चमध्ये बसून राहणं हसण्यासारखं आहे. ज्याच्या त्याच्या कामाला झेपेल अशी ज्याची त्याची भक्ती. हा माझा हुकमी पत्ता. हिच्याकडे बायबलमधला संदेष्टा एलिया आहे. झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलियाला देवदूताने काही शिकवलं नाही. झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. यावर माझ्याकडे उत्तर नसतं, म्हणून मी चहा मागतो.

तर सणाआधीच्या रविवारी कामठीहून पायी यायचं ठरलं. पंधरा-सोळा किलोमीटर. ही, मी, कामठीची मावसबहीण, तिच्या गल्लीतली तमिळ आजी, दोन नर्सबाया, बरीच पोरं. जपमाळेची 'प्रणाम मरिया' ही प्रार्थना हिंदीत, मधेच आजीचं तमिळमध्ये, आणि सगळ्या भाषांवर ट्रकचे हॉर्न. पुढच्या एका गृहस्थांच्या हातात भोंगा. दहा मणी झाले की "मागचे लोक, आवाज!" त्या भोंग्याचे सेल काढून नाल्यात फेकावेत, असं मी मणी मोजता मोजता ठरवत होतो. आजी मात्र अनवाणी, आणि तिचा आवाज शेवटपर्यंत खाली आला नाही. तिच्याकडे पाहून गळा दाटला, तेवढ्यात पुन्हा भोंगा.

ऑटोमोटिव्ह चौकापासून डोक्यावर डबलडेकर पूल आला, सावली मिळाली, आणि टाचेतून कळ गेली. बूट साळ्याने प्रेमाने दिलेले. इंदोऱ्यापर्यंत लंगडत ओढलं. मंडळी पुढे निघून गेली. पुलाच्या खांबाशी एक मोचीकाका बसले होते.

"बसा जी."

"सेमिनरी हिल्सला चाललो, लोक पुढे गेले."

"जाऊ द्या न बाप्पा. पहाडी काय पळून चालली?"

बसलो. त्यांनी बुटात हात घालून बोटांनी चाचपलं. टाचेतला पुठ्ठा मोडून त्याची कड आत आली होती. रापीने अस्तर चिरलं, कड तासली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशन लावून बसवला. पुन्हा बोट फिरवलं. पटलं नाही. तुकडा सोलून काढला, कडा आणखी पातळ केल्या, परत लावला.

"राहू द्या काका, आतून कोण पाहतं?"

"पाय पाहते न जी."

कॉइल स्लॉटमध्ये बसवताना मीही असंच बोट फिरवतो. ते कुणाला दिसत नाही, मोटारीला कळतं.

इकडे मोजा फोडाला चिकटलेला. तो सोलताना बर्नाडेट आठवली, लूर्दला जिला मरियेचं दर्शन झालं ती. १८५८ सालच्या ११ फेब्रुवारीला ती लूर्दला प्रार्थनेला गेली नव्हती, सरपण गोळा करायला गेली होती. बहीण आणि मैत्रीण थंडगार पाणी ओलांडून पुढे गेल्या. ही दम्याची पोर अलीकडे थांबून मोजे काढत होती, तेव्हा तिला वाऱ्याचा आवाज आला. प्रवचनात हे दरवर्षी ऐकतो. त्यातल्या मोज्यांकडे माझं लक्ष इंदोऱ्यात गेलं.

"अर्धा तास वाळू द्या," काका म्हणाले आणि दुसऱ्याची चप्पल घेतली. मला काही करायलाच नव्हतं. हात शिवशिवत होते. त्यांचा सांडायला आलेला सोल्युशनचा डबा सरळ केला, तर म्हणाले, "राहू द्या. बसा न नुसते." टपरीवरून दोन कट चहा मागवला, पैसे त्यांनीच दिले. एका हॉटेलवाल्याचा फोन आला, एक्झॉस्टची मोटार उद्या सकाळी पाहिजे म्हणून. पाहतो म्हणालो. मग खांबाला डोकं टेकलं आणि चक्क झोप लागली.

बुटाचे वीस रुपये झाले. पन्नास दिले, तर त्यांनी तीस मोजून परत केले. चहाचे घेतलेच नाहीत.

कडबी चौक, गड्डीगोदाम, सदर, छावणी. टाच दुखत होती, पण चावत नव्हती. जपानी गार्डनच्या चढावर भोंगा ऐकू आला, म्हणजे मंडळी फार पुढे नव्हती. ग्रोटोपाशी हिने विचारलं, "कुठे होता?" झोपलो होतो म्हणालो. तिला ती थट्टाच वाटली.

मिस्सा सुरू होण्याआधी हॉटेलवाल्याचा परत फोन. मंगळवारी देतो म्हटलं. तो चिडला, मोटार उचलून दुसऱ्या कारागिराकडे नेतो म्हणाला, आणि सोमवारी खरंच घेऊन गेला. काम बऱ्यापैकी पैशांचं होतं. हिला अजून सांगितलेलं नाही.