शिसवीच्या मुठीला जर्मनचं कडं

“जर्मनचं कशाला लावतेस काठीला? पितळेचं लाव की,” आई म्हणाली.

आमच्या घरात ॲल्युमिनियम हा शब्द कधी नव्हताच. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, आंघोळीचं पाणी तापवायचा जर्मनचा टोप. आईच्या लेखी हा धातू चुलीवर काळा पडणारा, पडला की पोचा येणारा. काठीच्या मुठीखाली शोभेला लावायचा नव्हेच.

मला मात्र आईच्या काठीच्या शिसवी मुठीखाली त्याचंच कडं लावायचं होतं. गेली वीस वर्षं मी चिंचवडला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. ॲल्युमिनियमचे जॉब, म्हणजे कातून आलेले भाग, रोज टेबलावर येतात आणि मायक्रोमीटर लावायच्या आधी मी प्रत्येक जॉब खिडकीकडे धरून बघते. धारदार टूलने कातलेल्या ॲल्युमिनियमवर जो पांढरा, गार उजेड येतो, तो पितळेवर येत नाही. काळपट शिसवीजवळ पितळ छानच दिसतं, पण लाकडाच्या रंगात मिसळून जातं. ॲल्युमिनियमची रेघ उठून दिसते. दोन वर्षांपूर्वी पार्किंगच्या कोपऱ्यात लाकूड कातायचा छोटा लेथ मांडला, तेव्हापासून ती रेघ डोक्यात होती.

आमच्या शॉपमधल्या सीएनसीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, लाकडाच्या लेथला टूल पकडायला ना कॅरेज, ना टूलपोस्ट. हातात टूल धरून धातू कातणार?” हो, हातात धरूनच. १८००च्या सुमारास हेन्री मॉड्स्लेने स्लाइड रेस्टचा, म्हणजे टूल पकडून सरकवणाऱ्या आधाराचा, लेथ रुळवला, त्याआधी धातूसुद्धा असाच कातायचे. जुने घड्याळजी तर बारीक आस आजही हातातल्या टूलने कातून देतात. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा पुष्कळ मऊ. टूल नीट टेकवलं तर ते हाताचं ऐकतं.

पण सगळं ॲल्युमिनियम सारखं नसतं. पहिला दांडा मी भंगारातून आणला होता. तो इतका चिकट निघाला की धातू टूलच्या धारेवरच बसायचा आणि जॉबवर ओरखडे उठायचे. मग ४० मिलिमीटर व्यासाच्या, ६०८२ नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या बारचा कटपीस घेतला. तो स्वच्छ कापला जातो, चिप (कातताना निघणारा कीस) सुटी होते. हॅकसॉने त्याची १८ मिलिमीटरची चकती कापली, लेथच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, धरली आणि समोरच्या टोकाच्या टेलस्टॉकवरून ६, मग १०, मग १६ मिलिमीटरचं ड्रिल घातलं. दर दोन-तीन मिलिमीटरला ड्रिल बाहेर काढायचं, चिप झटकायची, रॉकेलचा थेंब सोडायचा. स्पीड ६०० आरपीएम. लाकडाला हा वेग फारच कमी वाटतो, पण इथे तोच बरा.

टूल म्हणजे चौकोनी स्टीलच्या दांडीला स्क्रूने बसवलेला गोल कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारं कठीण पातं. ॲल्युमिनियमसाठीचा, कोटिंग नसलेला, आरशासारखा पॉलिश केलेला. त्याची धार फार तीक्ष्ण असते, आणि हातात धरल्यावर तोच धोका. पहिल्याच दिवशी मी टूल लाकडावर धरते तसं धरलं. धारेने धातू आत ओढून घेतला, टूल त्याच्या आधारावर, म्हणजे टूलरेस्टवर, आपटलं आणि कड्याला खोल पोचा पडला. तो जॉब वाया गेला. आता टूलरेस्ट अगदी जवळ आणते, मूठ जराशी उंच धरते म्हणजे टोक किंचित खाली झुकतं, आणि एका वेळी पाव मिलिमीटरपेक्षा जास्त घेत नाही. असं केलं की टूल ओढलं जात नाही, धातू खरवडून निघतो.

कडं एकटं पूर्ण करायचं नाही. शिसवीच्या मुठीला कड्यात बसेल अशी १६ मिलिमीटरची गोल खुंटी काढली, त्यावर कडं सरकवलं, एपॉक्सीने चिकटवलं आणि मग लाकूड आणि धातू एकत्र कातले. दोन्हींची गोलाई एकाच हालचालीत येते तेव्हाच जोड दिसेनासा होतो. चिकटवण्याआधी कड्याची आतली बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करून थिनरने पुसायची आणि लगेच चिकटवायचं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर क्षणात धरतो.

तरीही पहिल्या मुठीचं कडं सुटलं. ते लेथवरच सुटलं, पॉलिश पेपर लावताना. पेपर दाबून धरला की धातू तापतो, आणि ॲल्युमिनियम ती उष्णता स्टीलच्या तीन-चार पट सहज आतपर्यंत नेतं. साधी एपॉक्सी ६० अंशांच्या आसपास नरम पडायला लागते. कडं खुंटीवर गरगर फिरायला लागलं तेव्हा मी बोट लावून पाहिलं आणि चटका बसला. तेव्हापासून पेपर कमी, टूलचा फिनिश जास्त, आणि दर थोड्या वेळाने हात लावून बघायचं.

पेपर कमी वापरण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. सरावासाठी मी आधी आंब्याच्या फिकट लाकडावर कडं बसवलं होतं. टूलचा फिनिश सुंदर आला. मग सवयीने ४००चा पेपर लाकूड आणि धातू दोन्हींवरून एकदम फिरवला. पाच सेकंदांत कड्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर काळपट राखाडी पट्टा उमटला. ॲल्युमिनियमची बारीक पूड लाकडाच्या रंध्रांत जाऊन बसली होती. कपड्याने पुसली तर आणखी आत गेली. ब्रश मारला, हवा मारली, शेवटी पुन्हा एक मिलिमीटर लाकूड कातलं तेव्हा ती गेली. काळपट शिसवीत तर ही पूड चांदीच्या धुळीसारखी चमकते.

म्हणून आता लाकूड आधी पूर्ण करून घेते आणि त्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेचे) दोन हात देते. रंध्रं बुजली की पूड आत शिरत नाही. धातूला पेपर लावायचाच असेल तर कड्याच्या दोन्ही कडांना लाकडावर मास्किंग टेप, आणि पेपरची बोटाएवढी अरुंद पट्टी. कडेवर बर (कातताना उरलेली बारीक, धारदार कोर) राहिली तर ती त्वचेला लागते, म्हणून शेवटी टूलचं टोक कड्याच्या दोन्ही धारांवर केसाएवढं टेकवते.

चिप ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घालून लेथजवळ जायचं नाही, हे शॉपमध्ये शिकलेलं. घरी नवीन शिकले ते एवढंच की धातू कातताना भुशाचा व्हॅक्यूम बंद ठेवायचा. त्यात कोरडा भुसा असतो, धातूचा तुकडा पंख्यावर आपटून ठिणगी उडाली तर संपलं. चिप ब्रशने वेगळ्या डब्यात गोळा करते.

दुसरी मूठ नीट झाली. कडं १२ मिलिमीटर रुंद, व्यास ३४. दिवाळीनंतर आईला काठी दिली. तिने कड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “सकाळी गार लागेल गं.” मग काठी टेकत गॅलरीपर्यंत जाऊन आली. पितळेचं नाव पुन्हा काढलं नाही.

मे महिन्यात तिने मला बोलावलं. “इथे नख अडकतं बघ.” शिसवी उन्हाळ्यात आकसली होती, कडं होतं तेवढंच राहिलं होतं. मायक्रोमीटर आणून मोजलं, व्यासात ०.२ मिलिमीटरचा फरक. काठी लेथवर परत चढवून कडं थोडं कातून उतरवता आलं असतं. नाही उतरवलं. जुलैत पाऊस चांगला लागल्यावर आईच्या शेजारी बसून नख फिरवून पाहिलं, कुठेच अडकलं नाही.