तुम्ही विचारलंत म्हणून: माझीच जखम का भरत नाही?

"दोघांनाही कोयताच लागला. त्याची जखम भरली, माझी का चिघळली?" ऊसतोडीच्या हंगामात ड्रेसिंगला आलेलं कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्याला बहुतेकदा साखर असते. 'साखरेमुळे जंतू माजतात' हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे.

जखमेत आधी न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी पोचतात, मागून रक्तातल्या मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येऊन मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशी, बनतात. मेचनिकॉफ या रशियन जीवशास्त्रज्ञाने 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या. 1908 चं नोबेल त्याला मिळालं, पेशींना मात्र 'खादाड' हीच ओळख चिकटली. खरी गंमत खाण्याच्या पुढे आहे.

सुरुवातीला मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-1 ही सूज आणणारी रसायनं सोडतात, आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड करून जंतू मारतात. ठणका, लाली, सूज ही त्याचीच. मग मेलेले न्यूट्रोफिल गिळता गिळता त्यांचा नूर पालटतो. तेच आर्जिनिन आता ऑर्निथिन या दुसऱ्या अमिनो आम्लाकडे वळतं, त्यातून कोलॅजनचा, म्हणजे जखम सांधणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचा, कच्चा माल मिळतो. पहिल्या अवस्थेला एम1, दुसरीला एम2 म्हणतात. परीक्षेला हे ठीक. प्रत्यक्ष जखमेत मधल्या छटाच जास्त.

2019 च्या महापुरानंतर सांगलीत आधी घराघरातला गाळ उपसला, मग भिंतींकडे पाहिलं. मधुमेहात गाळ उपसणंच संपत नाही. मेलेल्या पेशी नीट गिळल्या जात नाहीत, मॅक्रोफेज पहिल्याच अवस्थेत अडकतात आणि त्या धुमाळीत तयार होणारं कोलॅजनही तुटत राहतं.

"मग सूज उतरायची गोळीच द्या की!" असं नाही. पहिली सूज लागतेच. स्टेरॉइडने ती दाबली तर जखम आणखी रेंगाळते. दुसरी अवस्थाही अती झाली तर फुप्फुसात व्रणासारखे घट्ट धागे माजतात, कर्करोगाच्या गाठीही अशा पेशींना हाताशी धरतात.

आणि हळद? सांगलीत हा प्रश्न चुकत नाही. प्रयोगशाळेत हळदीतलं कर्क्युमिन मॅक्रोफेजचा कल बदलतं, पण पोटात घेतलेलं रक्तात फार थोडं पोचतं. डब्यातली पूड उघड्या जखमेत भरू नका. ती निर्जंतुक नसते.

मेलेलं मांस मी खरवडून काढतो तेव्हा तुम्ही ओरडता, पण मॅक्रोफेजचं तुंबलेलं काम त्यानेच हलकं होतं. पायाला जखम असेल तर त्यावर भार नको, आणि उपाशीपोटीची साखर तपासून या.