आठाच्या आकड्याचा खांदा

मे महिना. बाहेर 45 अंश, आणि लॅबमधल्या कूलरचं पाणी सकाळीच संपलेलं. समोर जीपीसीचा (मोठे रेणू आधी आणि लहान उशिरा बाहेर सोडणाऱ्या यंत्राचा) आलेख, आणि त्याच्या मुख्य शिखराला उजवीकडे एक खांदा, म्हणजे चिकटलेला छोटा उंचवटा.

माझ्याकडे पॉलिस्टायरीनच्या साखळी-रेणूंची वळी होती, रेणुभार साधारण 5000. साखळीची दोन्ही टोकं एकमेकांत अडकवली की टोकच उरत नाही. रेणू आखडतो आणि जीपीसीतून उशिरा बाहेर पडतो. आलेखावर पाहाल तर 4000 च्याही खालचा वाटतो. अशा वळ्याला पुढे काही जोडायचं तर मूठ आधीच ठेवावी लागते. माझ्या वळ्यावर सांध्यापाशी एकच हायड्रॉक्सिल (OH) गट होता, तीच मूठ. त्याचा ब्रोमोएस्टर केला, मग डीएमएफ या द्रावकात सोडियम अझाइड घालून ब्रोमीनच्या जागी अझाइड. (धुलाईला डायक्लोरोमिथेन घेऊ नका. अझाइडसोबत त्यातून स्फोटक तयार होतं.)

आता दोन वळी आणि मधे दुवा म्हणून प्रोपार्जिल ईथर, त्याचं प्रत्येक टोक एकेक अझाइड धरतं. तांब्याच्या साक्षीने क्लिक, ही जोडणीची रिॲक्शन. झाला आठाचा आकडा. 200 मिलिग्रॅम वळ्यांना दुवा दोन मिलिग्रॅमहूनही कमी, म्हणून तो द्रावण करून मोजला होता.

खांदा मात्र नेमका एकट्या वळ्याच्या जागी. "ताई, रिॲक्शन अर्धवट राहिली, तांबं वाढवू," ज्युनिअर म्हणाला. वाढवलं. खांदा हलला नाही.

मग आयआर (अवरक्त वर्णपट) काढला. 2100 च्या आसपास अझाइडची खूण नाहीच! म्हणजे कुठलंच वळं रिकामं नव्हतं. जी एकटी होती त्यांना दुवा लागलेला होता, फक्त दुसऱ्या टोकाला जोडीदार नव्हता. दुवा जास्त पडला होता. पण कसा? मी तर तीनदा मोजला होता.

लॅबमधले काका टेबल पुसत होते. "मॅडम, रात्री लाइन गेली होती. दोनदा."

व्हॅक्यूम ओव्हन! वजन करण्याआधी वळी रात्रभर त्यातच वाळत होती. पंपही बंद, हीटरही बंद. उरलेल्या वळ्यांचा एनएमआर (रेणूंमधले हायड्रोजन दाखवणारा वर्णपट) घेतला, तर 2.36 ला टोल्युइन या द्रावकाची टोकदार रेघ. 200 मिलिग्रॅममध्ये दहावा हिस्सा टोल्युइनच होतं. पॉलिस्टायरीन ते सहजी सोडत नाही, आणि वजनकाट्याला दोन्ही सारखंच. म्हणून वळी कमी पडली आणि दुवा जास्त.

वाया काहीच गेलं नव्हतं, हे लक्षात यायला मात्र चहा लागला. नायट्रोजनखाली आणखी 20 मिलिग्रॅम वळी घातली, या वेळी नीट वाळवून. दुसऱ्या दिवशी खांदा जवळजवळ बसला. चिमूटभर उरला, तो आलेखात तसाच आहे.