मिनोल्टाला कानाच्या मशीनचा सेल

काकांनी दिलेल्या मिनोल्टा एसआरटी १०१ चं शटर पूर्ण यांत्रिक आहे, त्यामुळे सेल नसला तरी फोटो निघतात. अडतं ते उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरपाशी. १९६६ च्या या कॅमेऱ्याचा मीटर पीएक्स६२५ या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. व्होल्टेज १.३५, आणि सेल संपत येईपर्यंत ते जवळजवळ हलत नसे. मीटरची सगळी मोजणी त्याच भरवशावर. पारा विषारी, म्हणून हे सेल देशोदेशी बंद झाले. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने.

त्याच मापाचा अल्कलाइन सेल ऑनलाइन सर्रास मिळतो. चपखल बसतो, काटाही हलतो, म्हणूनच फसायला होतं. नवा असताना तो दीड व्होल्ट देतो आणि पुढे उतरतच जातो. लख्ख उन्हात २०० आयएसओच्या रोलला (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेड टिपण्याची ताकद) शटर १/२५० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ/१६ हे ठरलेलं गणित. माझा मीटर त्याहून जवळपास एक स्टॉप जास्त, म्हणजे दुपटीच्या आसपास, उजेड दाखवत होता. म्हणजे फोटो काळवंडणार. ‘आयएसओची चकती सरकवा, झालं!’ असं सांगणारे भेटतात. पण उन्हातली चूक आणि सावलीतली चूक सारखी नसते, मग एकच चकती कुठे कुठे सरकवणार? (पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवाल्यांना ही कटकट नाही. त्यांच्या मीटरमध्ये ब्रिज सर्किट असतं, व्होल्टेज थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.)

शेवटी श्रवणयंत्रांच्या दुकानात गेलो. ६७५ नंबरचे, निळ्या स्टिकरचे झिंक-एअर सेल मागितले; स्टिकर काढून हवा लागली की हे चालू होतात.

“पेशंट कोण? एकदा घेऊन या, मशीन तपासून देतो.”

“पेशंट नाही हो, कॅमेरा आहे.”

काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाकीट दिलं.

हा सेल साधारण १.४ व्होल्टचा, आणि व्होल्टेज शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्थिर. मात्र रुंदी ११.६ मिलिमीटर, जुना सोळाच्या आसपास, आत डुगडुगतो. नळाच्या सामानाच्या दुकानातली रबरी रिंग भोवती बसवली. स्टिकर काढून पाचेक मिनिटं हवा लागू दिली, मग झाकण लावलं. काटा उन्हातल्या गणिताशी जुळला, सावलीत मोबाइलच्या मीटरशीही.

एकदा स्टिकर निघाला की कॅमेरा वापरा न वापरा, सेल दोनेक महिन्यांत संपतो. स्टिकर परत चिकटवून फारसं काही साधत नाही. रोल भरायच्या दिवशीच मी तो काढतो. कॅमेरा बारा महिने गळ्यात असणाऱ्याने एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि डायोडवाला अडॅप्टर घ्यावा; १.५५ व्होल्ट तो खाली आणतो. महाग आहे, पण पुन्हा पेशंट व्हावं लागत नाही.