शरदातलं लेक होपॅटकाँग: आधी गवत उपटून बघा, मग लूर बांधा

ऑक्टोबरच्या मध्यावरचा शनिवार-रविवार, न्यू जर्सीतलं लेक होपॅटकाँग, १६ फुटी ॲल्युमिनियमची बोट, चार रॉड. शोध फक्त काठच्या गवतातल्या लार्जमाउथ बास या मोठ्या तोंडाच्या माशाचा. शनिवारी ढगाळ हवा, नैर्ऋत्येचा हलका वारा आणि सकाळी पाणी ६१ फॅरनहाइट, म्हणजे साधारण १६ सेल्सियस. रात्रीतून वारा वायव्येला फिरला. रविवारी आकाश लख्ख निळं आणि उथळ खाडीतलं पाणी ५७ वर. शनिवारी चाललेली तीनपैकी दोन लूर, म्हणजे नकली आमिषं, रविवारी पेटीतच राहिली.

तळं सुमारे २,५०० एकरांचं आहे. राज्यातलं गोड्या पाण्याचं हे सर्वांत मोठं तळं. एडिसनकडून येणाऱ्यांनी महामार्ग २८७ ने उत्तरेला यावं, मग महामार्ग ८० ने पश्चिमेला वळून एक्झिट २८ घ्यावी. लँडिंग या गावात स्टेट पार्कचा रॅम्प, म्हणजे बोट पाण्यात सोडायचा उतार, आहे. सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे उन्हाळ्यासारखं साडेचारला निघायची गरज नाही. सव्वासहाला रॅम्पवर असलात तरी चालतं.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी तपासा, ती म्हणजे पाण्याची पातळी. इथे दरवर्षी शरदापासून पाणी सोडून पातळी हिवाळ्यासाठी २६ इंच खाली नेतात, आणि पाच वर्षांतून एकदा ६० इंच. २०१८ आणि २०२३ ही ६० इंचांची वर्षं होती. पाणी फूटभर जरी उतरलं, तरी ऑगस्टमध्ये फूटभर पाण्यात असलेली कमळपानं चिखलावर आडवी पडतात आणि बास तिथून महिनाभर आधीच बाहेर सरकतो. मागच्या वर्षीची ‘हमखास जागा’ रिकामी लागते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता गवत. बोटीतून बघितलं तर सगळं सारखंच हिरवट-काळपट दिसतं. म्हणून प्रत्येक नव्या जागी पहिलं काम एकच: मूठभर गवत उपटून हातात घ्या. जिवंत मिलफॉइल (पिसासारख्या पानांचं पाणगवत) चिमटीत मोडलं की कट्कन तुटतं, हाताला स्वच्छ पाणी लागतं, पानांत बारके किडे आणि गोगलगायी दिसतात. मरू घातलेलं गवत फ्रिजमध्ये आठवडाभर पिशवीत विसरलेल्या कोथिंबिरीसारखं असतं: तपकिरी, बुळबुळीत, बोटांना चिकटणारं, कुबट वासाचं. कुजणारं गवत पाण्यातला प्राणवायू खातं. आधी बारके मासे निघून जातात, त्यांच्यामागे बास. अशा जागी जगातलं सर्वोत्तम लूर फेकलं तरी हाती फक्त कचरा लागतो. शनिवारी वुडपोर्टच्या बाजूच्या उथळ पाण्यात पहिला पाऊण तास असाच गेला. पानं वरून ठीक दिसत होती, खाली सगळे देठ मऊ पडलेले होते.

हिरवा पट्टा सापडला तो काठापासून बराच आत, ५ ते ७ फूट पाण्यात. मिलफॉइलचे शेंडे पृष्ठभागाच्या दीड-दोन फूट खाली होते आणि मधूनमधून टेपग्रासच्या रिबिनी. शरदात बास शोधायचा तो अशा उरलेल्या हिरव्यात. जितकं कमी हिरवं उरतं, तितके मासे तिथे दाटतात. म्हणून नोव्हेंबरच्या तोंडावर टेबलाएवढा हिरवा ठिपकासुद्धा सोडू नये.

लूर निवडताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो. गवताचा शेंडा आणि पृष्ठभाग यांच्यात किती पाणी मोकळं आहे, हा असतो.

मोकळं पाणी शून्य, म्हणजे गवत वर येऊन चटई झालेली किंवा कमळपानं अजून ताठ, तर पोकळ रबरी बेडूक. भारतात मरळीसाठी बेडूक फिरवलेल्यांचा हात इथे आधीच बसलेला असतो. लूर तेच, हल्लाही तसाच. वजन अर्धा ते पाऊण औंस, ५० ते ६५ पौंडांची वेणीची लाइन, ७ फुटी कडक रॉड आणि ड्रॅग (रीळचा ब्रेक) पूर्ण आवळलेला. वेणीची लाइन देठ कापत येते, नायलॉनची लाइन देठाभोवती गुंडाळते आणि मासा गवताच्या गठ्ठ्यासकट तिथेच अडकतो. पाण्यात स्फोट झाला की हात आपोआप झटका देतो, आणि बेडूक माशाच्या तोंडातून निसटून कानाजवळून मागे उडतो. टोक खाली करा, लाइनवर वजन जाणवू द्या, मगच झटका. तरीही मासे सुटत असतील तर तीन गोष्टी बघा. पोटात पाणी भरलं असेल तर दर पाच-सात फेकींनंतर पिळून काढा, नाहीतर शेपूट बुडते आणि गळ गवतात लपतात. रबरी पाय फार लांब असतील तर एक बाजू अर्ध्या इंचाने आखूड कापा. मासा पाय धरून सोडून देणं कमी होतं, आणि असमान पायांमुळे बेडूक एका जागी डावी-उजवीकडे छान डोलतो. आणि दोन्ही गळ पक्कडीने अगदी किंचित, दोन-तीन अंश, वर उघडा. जास्त उघडले तर प्रत्येक पान अडकतं.

शनिवारी बेडकावर नऊ हल्ले, बोटीत चार मासे. शरदात हे प्रमाण वाईट नाही. हुकलेल्या जागी लगेच बेडूक परत टाकू नका. दुसऱ्या रॉडवर ५ इंची मऊ प्लॅस्टिकचा जाड वर्म बिनवजनाचा तयार ठेवा आणि त्याच भोकात सोडून द्या. चारपैकी एक मासा मुळात असाच आला.

एक ते तीन फूट मोकळं पाणी असेल तर चॅटरबेट, म्हणजे पुढे थरथरणारं पातं असलेलं लूर. या सहलीतलं खरं काम त्यानेच केलं. ३/८ औंस, पांढरा-चंदेरी घागरा (रबरी झालर), मागे साडेतीन इंची मासोळीच्या शेपटीचं प्लॅस्टिक. या तळ्यात एलवाइफ नावाची चंदेरी हेरिंग आहे आणि शरदात बास तिच्या मागे असतो, म्हणून चंदेरी. चॅटरबेट फेकून टोक वर धरा आणि गवताच्या शेंड्यांना जेमतेम घासेल अशा वेगाने आणा. अडकलं की ओढू नका. ओढलं तर गवताची शेंडी लूरवर बसते आणि ती फेक वाया जाते. मनगटाने एकच कोरडा झटका द्या. लूर सुटून पुढे उडी घेतं, आणि दहापैकी सात वेळा दणका त्याच क्षणी बसतो. हातात थरथर येत नसेल तर पात्याच्या कडीत एक बारकं पान अडकलेलं असतं. प्रत्येक वेळी हाताने काढत बसू नका, बोटीजवळ लूर पाण्यावर जोरात आपटा, निघून जातं. मागचं प्लॅस्टिक फार जाड लावलं तरीही थरथर मरते.

चॅटरबेटला वेणीऐवजी १५ ते १७ पौंडांची फ्लूरोकार्बन बरी. जराशी ताणते, त्यामुळे झटका फार लवकर बसत नाही. पण या गवतात चेन पिकरेल मासे भरपूर, आणि त्यांचे दात फ्लूरोकार्बन खरवडतात. प्रत्येक पिकरेलनंतर शेवटची हातभर लाइन नखावरून फिरवा. खरखर लागली की कापा आणि पुन्हा बांधा. आळस केला की २० डॉलरचं लूर पुढच्या माशाबरोबर जातं.

स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या पात्याचं लूर, वाऱ्यात चांगलं, लांब पात्याचं, ३/८ औंस. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फारसं नाही. लिपलेस क्रँकबेटबद्दल (तोंडाशी जीभ नसलेली कडक नकली मासोळी) मात्र आहे. अर्ध्या औंसाचं, चंदेरी किंवा सोनेरी, गवताच्या कडेला सोडून झटक्याने फाडत आणायचं. कुरकुरीत गवतातून ते सुटतं, बुळबुळीत हिरव्या शेवाळातून सुटत नाही. मिलफॉइलवर केसांसारखं शेवाळ चढलं असेल तर तीनकाटी गळ असलेलं काहीच बांधू नका. वाऱ्याच्या काठावरही तेच. वाऱ्याने उपटलेलं गवत आणि प्रॉपेलरने चिरलेले तुकडे तिथे जमतात. मासे त्या कचऱ्याखाली असतातही, पण तिथे एककाटी लूरच जातं.

रविवार वेगळा. थंड वाऱ्यानंतर निरभ्र आकाश असलं की बास गवताच्या वर फिरत नाही, खाली मुळाशी बसतो. चॅटरबेटच्या पहिल्या ४० फेकींत एक पिकरेल. अशा दिवशी पंच रिग, म्हणजे गवत फोडून खाली जाणारी जोडणी: १ औंसाचं टंगस्टन वजन, वर रबरी खुंटी म्हणजे वजन सरकत नाही, ४/० चा सरळ दांड्याचा गळ, ४ इंची खेकड्यासारखं आटोपशीर प्लॅस्टिक. हातपाय पसरलेलं प्लॅस्टिक चटईवरच अडकतं. लांब फेकायचं नाही, १२ ते १५ फुटांवर वरून सोडायचं. वजन चटई फोडून खाली जातं, तळाला टेकतं, दोन वेळा उचला, काही नाही तर बाहेर काढून पुढच्या भोकात. चावा जवळजवळ कळत नाही. लाइन नेहमीपेक्षा लवकर थांबली किंवा बाजूला चालू लागली की झटका. वजन अर्ध्या औंसावर आणून बघितलं, ते चटईवरच बसून राहिलं. उलट, शेंडे पाण्याखाली असलेल्या विरळ गवतात १ औंस मातीत रुततं, तिथे पाव औंसाचा टेक्सस रिग (गळाचं टोक प्लॅस्टिकात लपवलेली जोडणी) पुरतो. रविवारचे तिन्ही मासे ७ फुटांच्या हिरव्या भिंतीच्या आतल्या बाजूने, सकाळी अकरा ते दुपारी दोनमध्ये आले. म्हणजे निरभ्र थंड दिवशी पहाटेची घाई व्यर्थ. ऊन पाण्यात उतरू द्यावं.

पाणी ५० फॅरनहाइटच्या खाली गेल्यावर जाणार असाल तर बेडूक घरी ठेवा. गवताच्या बाहेरच्या कडेला, ८ ते १२ फुटांत, ३/८ औंसाचा जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) किंवा थांबणारं जर्कबेट (झटक्यांनी चालवायची लांबट नकली मासोळी): दोन झटके आणि मग दहा सेकंद थांबा. दहा म्हणजे खरंच दहा; थंडीने बोटं आखडलेली असली की चारलाच हात हलतो.

ट्रोलिंग मोटर (बोटीची छोटी विजेची मोटर) गवतात अडखळली की जोर वाढवू नका. दोन सेकंद उलटी फिरवा, तरी नाही सुटलं तर वर उचलून सुरीने कापा. रेटली तर बॅटरी दुपारीच बसते. मोटरबोट स्वतः चालवणार असाल तर बोट सेफ्टी सर्टिफिकेटचं आधी बघून घ्या. मासेमारीचं लायसन्स राज्यातल्या १६ ते ६९ वयाच्या रहिवाशांना लागतं, बाहेरच्यांना १६ पासून पुढे सगळ्यांना. बास किमान १२ इंच, दिवसाला पाच. कालवणाचा मोह होईल, पण पाऱ्यामुळे बास किती खावा यावर राज्याच्या सूचना आहेत, त्या वाचून ठरवा. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली तर त्या खाडीत हात घालू नका. २०१९ च्या उन्हाळ्यात विषारी शेवाळामुळे इथे पाण्यात उतरू नका असा इशारा द्यावा लागला होता.

रॅम्पवर परतल्यावर ट्रेलर, मोटर आणि लूरची पेटी यांतलं गवत उचलून कचऱ्यात टाका, बोटीतलं पाणी तिथेच काढा. मिलफॉइलचा बोटभर तुकडा दुसऱ्या तळ्यात नवं रान उभं करतो. हाताला काटेरी काळं फळ आणि त्रिकोणी दातेरी पानांचं तरंगतं चक्र लागलं तर तो शिंगाडा. आपल्याकडे उपासाला चालतो, ईशान्य अमेरिकेत तो तळी गिळणारी उपद्रवी वनस्पती आहे. मुळासकट उपटून किनाऱ्यावर आणा आणि तळ्याच्या व्यवस्थापनाला जागा कळवा.