आजी, दुसरं लग्न केलं नाहीत ना?

आमचे हे 2018 मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले. आम्ही गावी आलो आणि वर्षभरात मी तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या बायकांच्या संघटनेत नाव घातलं. काम काय, तर 26 जुलैला कारगिलच्या शहिदांना हार, 7 डिसेंबरला ध्वजदिन निधीचे डबे घेऊन शाळा-कचेऱ्या आणि संक्रांतीला हळदीकुंकू, त्यात पहिला मान वीरपत्नींचा. एवढंच असेल असं वाटलं होतं. मग नोव्हेंबर आला.

नोव्हेंबर म्हणजे हयातीचे दाखले. आमच्या सातारा जिल्ह्यात पलटणीत माणसं पाठवणारी गावंच्या गावं आहेत, अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे. त्यामुळे फॅमिली पेन्शनवाल्या म्हाताऱ्याही तितक्याच. पूर्वी त्या बँकेच्या ओट्यावर रांगेत बसायच्या. आता सैन्याच्या पेन्शनची ऑनलाइन स्पर्श प्रणाली आली, दाखला मोबाईलवर निघतो. निघतो म्हणजे, जन्मभर खुरपं धरून बोटांचे ठसे झिजलेले, म्हणून चेहरा दाखवायचा. ॲप सांगतं डोळे मिचकावा, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजी डोळे घट्ट मिटूनच घेतात.

सगळ्यात अवघड रकाना पुनर्विवाहाचा. तो विचारल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. पहिल्यांदा मी एका आजींना चाचरतच विचारलं, "आजी, दुसरं लग्न केलं नाहीत ना?" त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "बघ की एखादा, पेन्शनवाला!" सगळा ओटा हसला. मी रकाना भरला.

याच आजींनी मला खरं काम शिकवलं. वय त्र्याऐंशी. ऐंशी पूर्ण झाली की पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला तीस टक्के होते. आजींना एक रुपयाही वाढून आला नव्हता. त्यांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, जन्मतारखेची जागा कोरी होती. नवऱ्याची कुंडली रेकॉर्डला पक्की, बायकोचं वय कुणी लिहिलंच नव्हतं. तारीखच नाही, तर ऐंशी कधी झाली हे कोण ठरवणार?

मी उत्साहानं आधार कार्ड जोडून अर्ज टाकला. तो परत आला. चूक माझीच. आधारवरचं नाव माहेरचं, सगळे हाक मारतात ते. रेकॉर्डला मात्र लग्नात बदललेलं नाव, तांदळात लिहिलेलं. पीपीओ नीट वाचला असता तर महिना वाचला असता. तेव्हापासून माझा नियम आहे, आधी कागदांची पिशवी ओतायची. नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पासबुक शेजारी शेजारी ठेवायचं आणि अक्षर न् अक्षर ताडून बघायचं.

मग दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र केलं. एका कचेरीतल्या साहेबांनी "आजींना स्वतः घेऊन या" म्हणून दोनदा परत पाठवलं, आजी बाहेर रिक्षात बसलेल्या असताना. तिसऱ्यांदा मी आजींना थेट त्यांच्या टेबलासमोर उभं केलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या क्लार्कनं मात्र कागद कोणत्या क्रमानं लावायचे ते बसून सांगितलं. ते स्वतः रिटायर्ड हवालदार. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेलं, तिथून खातरजमा होऊन प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला. आमचे हे अजून इलाहाबादच म्हणतात.

सात महिन्यांनी कॉरिजंडम, म्हणजे पीपीओच्या दुरुस्तीचा आदेश, निघालं. ऐंशी पूर्ण झाल्या महिन्यापासूनचा फरक एकदम जमा झाला. आकडा मी इथं लिहीत नाही. संघटनेत हे न सांगता पाळायचं असतं: कुणाच्या खात्यात किती, कुणाचा मुलगा एटीएम कार्ड ठेवून घेतो, हे आपल्याला कळतं आणि आपल्यापाशीच राहतं. आजींच्या सुनेनंही मला गोड बोलून विचारलं होतं. मी म्हटलं, सासूबाईंनाच विचारा.

माझ्या घरी यावरून कुरबूर होतेच. दिवसभर दुसऱ्यांचे कागद, आणि आमचंच ईसीएचएसचं, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, काम दोन महिने पडून, असं हे म्हणतात. खरं आहे ते.

यंदा नोव्हेंबरात आजी सकाळी आठलाच ओट्यावर. मी विचारायच्या आतच, "न्हाई केलं अजून, भर." सोबत वरच्या वस्तीवरची एक म्हातारी होती, पोटाशी प्लास्टिकची पिशवी धरलेली. पिशवी ओतली. पीपीओ घडीवर फाटलेला, आणि जन्मतारखेची जागा कोरी.